आईच्या रकान्यातलं नाव

ग्रामसेवक म्हटलं की लोकांना नळ आठवतो. नळाला पाणी नाही, नाली तुंबली, खांबावरचा दिवा गेला, घरकुलाच्या यादीत नाव नाही, की चला ग्रामपंचायतीत. आजच्या वाशीम जिल्ह्यात मी एकतीस वर्षं ग्रामसेविका म्हणून काढली आणि ज्या काही शिव्या खाल्ल्या त्यातल्या बहुतेक नळापायीच खाल्ल्या. पण माझ्या टेबलावर दोन शिक्के असायचे. एक ग्रामपंचायतीचा. दुसऱ्यावर लिहिलेलं असायचं, ‘निबंधक, जन्म-मृत्यू’. हा दुसरा शिक्का गावात फारसा कुणाच्या खिजगणतीत नसे. शाळेत नाव घालताना, नाहीतर वारसाचा फेरफार करताना तलाठ्याने कागद मागितला, की मग त्याची आठवण व्हायची.

मला मात्र पगार या दुसऱ्या शिक्क्यासाठी मिळतो असंच मी मानत आले. रस्ता खराब झाला तर पुढच्या वर्षी पुन्हा करता येतो. माणूस कोणाच्या पोटी आला, कधी गेला, हे एकदा वहीत उतरलं की जन्मभर त्याच्या मागे चालतं. नव्या पोरापोरींना मी सांगायची, नळाचं काम उद्या केलं तरी चालेल, नोंदीचं आजच्या आज करा.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं. कोणी सांगितलं, आपण लिहिलं. तसं नसतं. पहिली गंमत म्हणजे नोंद होते ती जन्म जिथे झाला त्या गावात, आईबाप राहतात त्या गावात नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं तर दवाखाना कळवतो. घरी झालं तर घरच्या कर्त्या माणसाने एकवीस दिवसांत येऊन कळवायचं. मुलाचं नाव ठरलं नसलं तरी अडत नाही, ते मागाहून घालता येतं. एकवीस दिवस उलटले की मात्र शुल्क लागतं, आणखी उलटले की प्रतिज्ञापत्र, वरच्या साहेबाची परवानगी, आणि वर्ष गेलं की थेट दंडाधिकाऱ्याचा हुकूम.

नोकरीला लागले त्या पहिल्याच वर्षी एक आजीबाई तणतणत ऑफिसात आल्या. सुनेला कळा लागल्या म्हणून शेलूबाजारहून काळीपिवळी जीप करून निघाल्या होत्या आणि नातू जीपमध्येच झाला. शेजारच्या गावचा ग्रामसेवक म्हणाला, माझ्या हद्दीत झाला नाही. आमच्या शिपायानेही तेच सांगून त्यांना दोनदा परत लावलेलं.

“पोट्टं तं झालं ना?” आजी मला म्हणाल्या. “हे काय, सुनंच्या मांडीवर हाय. मंग कुठं झालं हे काहून इचारून राह्यले तुमी समदे?”

मी नियमाचं पुस्तक काढलं. चालत्या गाडीत जन्म झाला तर गाडी जिथे पहिल्यांदा थांबली त्या ठिकाणी नोंद. मला वाटलं, झालं काम. ड्रायव्हरला बोलावलं, तर तो शपथेवर सांगतो, गाडी दवाखान्यापर्यंत कुठेच थांबली नाही!

“थांबली होती!” आजी उसळल्या. “आपल्या फाट्यावर थांबली होती. नाळ कापाले ब्लेड कोनं आनलं मंग? पानटपरीवरून यानंच आनलं.”

ड्रायव्हर खाली बघू लागला. खरी गोष्ट अशी होती की ब्लेड आणता आणता त्याने फाट्यावरच्या दोन सवाऱ्याही टपावर चढवल्या होत्या, आणि ते सरकारी कागदावर येईल याची त्याला धास्ती होती. तुझ्या सवाऱ्यांसाठी माझ्या वहीत रकाना नाही, असं सांगितल्यावर त्याने कबुली दिली. मी फाट्याच्या नावाने नोंद केली. तेव्हापासून माझी खात्री झाली, की नोंद म्हणजे नुसतं लिहिणं नाही. माणसं काय लपवतात आणि कशापायी, ते आधी कळावं लागतं.

ज्या नोंदीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी केली. तेव्हा मी रिसोड तालुक्यात होते. गावाचं नाव सांगत नाही. केनवडच्या बाजाराला तिथली माणसं पायी जात, एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत, दोन सोडून. ते का, ते वाचताना कळेल.

त्या गावात नामदेव नावाचे सुतार होते. वखर-तिफणी, दारं-चौकटी, सगळं त्यांच्याकडे. आमच्या ऑफिसातलं रजिस्टरांचं कपाट त्यांनीच केलेलं. कपाटाची फळी अर्धं बोट वाकडी बसली म्हणून सांगितलं नसताना उचकटून पुन्हा बसवून देणारा माणूस. बोलणं कमी. बायको शांताबाई, मोठा मुलगा सुरतेला कामाला, आणि धाकटी मुलगी सविता. सविता रिसोडच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि काही महिन्यांपासून गावात दिसत नव्हती. मावशीकडे गेली, असं ऐकलं होतं.

एक दिवस नामदेवभाऊ ऑफिसात आले, टोपी काढून हातात धरली आणि जन्माचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला. कोणाकडून तरी नीट भरून आणला होता. मुलगी. घरी जन्म. आईचं नाव शांताबाई, वय सेहेचाळीस. बापाचं नाव नामदेव.

मी फॉर्म वाचला, पुन्हा वाचला. “नामदेवभाऊ, शांताबाई बाळंत झाल्या?”

“देवाची मर्जी,” ते म्हणाले. नजर कपाटाकडे.

“परवा तर मी त्यांना हापशीवर बघितलं. डोक्यावर पाण्याचे दोन गुंड होते.”

त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याच्यापेक्षा ऐकणाऱ्यालाच जास्त अवघडतं. मी म्हटलं, “उद्या शांताबाईंना आणि बाळाला घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऑफिसात कोणी नसताना, दोघं आले. शांताबाईंच्या पदराआड अठरा दिवसांचं बाळ. मी काही विचारायच्या आतच ते भुकेने रडायला लागलं आणि शांताबाईंच्या छातीशी तोंड नेऊन शोधू लागलं. शांताबाईंनी त्याला थोपटलं, हलवलं, बोट चोखायला दिलं. ते काही राहीना. शेवटी त्यांनी बाळाला तसंच धरून तोंड भिंतीकडे केलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

मी दार लोटून घेतलं.

मग नामदेवभाऊंनी सांगितलं. सविता आणि गावातलाच एक मुलगा, मोठ्या जमिनीवाल्या घरातला. लग्न करतो म्हणाला होता. दिवस गेल्याचं कळलं आणि आठ दिवसांत त्याच्या घरच्यांनी त्याला पुण्याला धाडून दिला. तो आता फोनही घेत नव्हता. त्याचं नाव मी तेव्हा कुठल्या कागदावर घातलं नाही आणि आताही घालत नाही.

“पोरीले पाव्हने चालून आले हायेत,” शांताबाई म्हणाल्या. “लांबचे हायेत. त्याईले काई ठाव नाई. हे लेकरू आमचं म्हनून लागलं तं पोरगी सुटन, लेकराले मायबापाचं नाव भेटन. मॅडम, तुमी बी बाई हा. तुमाले दोन अक्षरं लिवाची हायेत, आमचे तीन जीव वाचतात.”

इथे मी शूरपणाने नकार दिला असं लिहायला मला आवडेल, पण तसं झालं नाही. मला ते पटलं होतं. कोणाला कळणार होतं? फॉर्मवर सही करणारे ते, लिहिणारी मी. खोटी नोंद हा गुन्हा आहे हे मला माहीत होतं, पण भीती गुन्ह्याची वाटली नाही. खरं सांगते, पेन मी हातात घेतलं होतं. मग सहज विचारलं, “सविता काय म्हणते?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तिले काय इचाराचं,” नामदेवभाऊ म्हणाले. “तिचं डोकं हाय का ठिकान्यावर?”

मी पेन खाली ठेवलं. “फॉर्म माझ्याकडे राहू द्या. अजून तीन दिवस आहेत.”

सकाळी उठून मी त्यांच्या घरी गेले. घरकुलाची पाहणी करायला आल्यासारखी भिंती बघितल्या, आणि शांताबाई चहा ठेवायला गेल्या तशी मधल्या खोलीत शिरले. सविता बाजेवर बसून बाळाला पाजत होती. मला बघून तिने पदर सावरला नाही. माझ्याकडे बघत राहिली.

“तुमच्याच ऑफिसात होऊन राह्यलं ना मॅडम ते?”

“काय?”

“मले बहीन करून राह्यले. माह्याच पोरीची.” तिचा आवाज अगदी शांत होता. “ती मोठी होईन अन् मले ताई म्हनन. मी तिले सोडून लग्न करून जाईन, अन् दिवाईले येईन, तवा ती ताई आली म्हनून धावत येईन. असं ठरलं हाय.”

मी म्हटलं, “तुला काय पाहिजे ते सांग.”

“मले काय पाहिजे ते आतापावतर कोनं इचारलंच नाई.” मग अगदी कॉलेजातल्या पोरीसारखं, मुद्द्याचं विचारलं, “बापाचं नाव न लिवता नोंद होते काय?”

“होते. आईचं नाव आणि पत्ता पुरतो. बापाच्या रकान्यात रेघ मारायची. दाखला तसाच मिळतो, शाळेतही चालतो. कोणी चालत नाही म्हणालं तर ते खोटं बोलतात.”

“मंग आईच्या रकान्यात माहं नाव लिवा.” आणि लगेच तिचा धीर सुटला. “पन बाबाले कोन सांगन? बाबा काल माह्या पाया पडले मॅडम. बापानं पोरीच्या पाया पडावं काय?”

बाबांना मी सांगितलं, ओसरीवर. मूल दत्तक घ्यायचं तर त्याला कायद्याने वाट आहे, पण आईला बहीण करायला नाही, हेही सांगितलं. नामदेवभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. हातातला रंधा खाली ठेवला.

“मॅडम,” ते म्हणाले, “तुमी उद्या बदलून जासान. आमाले इथंच राहाचं हाय.”

कपातला चहा तसाच टाकून मी ऑफिसात आले.

एकविसावा दिवस उजाडला. सकाळी अकराच्या सुमारास ऑफिसात रामरावजी आले. ग्रामपंचायतीचे सदस्य, आणि त्या मुलाचे चुलते. खुर्ची ओढून बसले, उन्हाची चौकशी केली, पाण्याच्या टाकीचं विचारलं. मग हळूच म्हणाले, “नामदेव एक कागद घेऊन आला होता म्हनतात.”

“बरेच लोक कागद आणतात.”

“आपल्याले काई घेनं नाई. पन गरीब मानूस हाय, अडवू नका. त्यानं लिवलं तसं लिवून टाका. त्याचं लेकरू, त्याचं नाव. समद्याईच्या सोयीचं हाय.”

दारात सावली हलली. नामदेवभाऊ उभे होते. कधी आले, किती ऐकलं, कळलं नाही. रामरावजींनी वळून पाहिलं आणि हसले. “ये नामदेव, ये. तुहंच काम सांगून राह्यलो मॅडमले. मी हाय तुह्या पाठीशी.”

नामदेवभाऊ आत आले. बसले नाहीत. घेतलेलं माप पुन्हा तपासावं तसे ते थोडा वेळ रामरावजींकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, “माहा कागद द्या.”

मी फॉर्म दिला. त्यांनी तो चार घड्या घालून खिशात ठेवला.

“कोरा हाय काय दुसरा?”

“नामदेव, इचार कर,” रामरावजी म्हणाले. आता हसत नव्हते.

“एकवीस दिवस तेच करून राह्यलो, रामरावजी.” मी त्या माणसाला एवढं सलग बोलताना पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. “मले वाटे, मी माह्या पोरीची लाज झाकून राह्यलो. आता समजलं, मी तुमच्या पोट्ट्याची झाकून राह्यलो. त्याच्यासाठी माह्या पोरीचं लेकरू हिसकून घेऊन राह्यलो. नाई जमत.”

रामरावजी उठले. जाताना मला म्हणाले, “मॅडम, तुमची अन् आमची अजून लय कामं हायेत गावात.” धमकीच होती ती. पुढे वर्षभर ग्रामसभेत माझा प्रत्येक ठराव अडला, हेही खरं. पण त्या क्षणी, आश्चर्य म्हणजे, मला जराही भीती वाटली नाही. मी कपाटातून नवा फॉर्म काढला आणि स्वतः भरत गेले. आईचं नाव, सविता. वय, शिक्षण, पत्ता.

“बापाच्या जागी काय लिवता?” नामदेवभाऊंनी विचारलं.

“रेघ.”

“मारा,” ते म्हणाले.

खबर देणाऱ्याची सही त्यांनी केली. सही करायला त्यांना वेळ लागायचा, त्या दिवशी जास्तच लागला. मी शिक्का मारला. रजिस्टरात ओळ चढवली, पावती फाडून दिली. एवढंच. पाच मिनिटांचं काम.

सिनेमा असता तर तो इथे संपला असता. गावात तसं होत नाही. पाहुण्यांपर्यंत बातमी गेली आणि सोयरीक मोडली. सुरतेचा भाऊ येऊन बापाशी भांडून गेला. पेरणीच्या तोंडावर लोक वखर दुरुस्तीला दुसऱ्या गावच्या सुताराकडे जायला लागले. शांताबाई हापशीवर आल्या की बायका गप्प व्हायच्या. माझं म्हणाल तर पुढच्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली. नामदेवभाऊ म्हणाले होते तसंच. मी माझं सामान टेम्पोत घातलं आणि निघाले. निरोपाला सगळं गाव आलं, ते आले नाहीत.

मी बरोबर होते, याबद्दल मला कधी शंका आली नाही. पण बरोबर असण्याची किंमत मी मोजली नाही, ती त्यांनी मोजली. ही गोष्ट कितीतरी वर्षं माझ्या मनातून गेली नाही. दुसऱ्या गावात, दुसऱ्या रजिस्टरात बापाचं नाव लिहिताना मधेच त्या घराची आठवण यायची. एकदोनदा केनवडच्या रस्त्याने जाणं झालं, त्या गावाचा फाटा फुटतो तिथे गाडी थांबवावी असं वाटलंही. थांबवली नाही. काय तोंडाने जाणार होते?

माझी शेवटची नेमणूक मंगरुळपीर तालुक्यात होती. निवृत्तीला चार महिने राहिले असताना ऑनलाइन नोंदणीच्या नव्या पद्धतीवर एक दिवसाचं प्रशिक्षण निघालं. ग्रामसेवक आणि उपकेंद्रांच्या नर्सबाया, सगळे एका सभागृहात. साहेब पडद्यावर दाखवत होते, कुठे क्लिक करायचं, कुठे काय अपलोड करायचं. शेवटी म्हणाले, काही शंका?

मागच्या रांगेतून एक नर्स उठली. चाळिशीची, चष्मा, पांढरी साडी. “सर, घरी बाळंतपन झालं, अन् घरचे म्हनले की आईच्या जागी दुसऱ्याच बाईचं नाव पाठवा, तर नर्सनं काय करायचं?”

साहेब म्हणाले, असं होत नाही.

“होते सर,” ती म्हणाली. “माह्याकडे दोनदा झालं.”

साहेबांनी मग नियम सांगितला. मी ऐकलाच नाही. मी मागे वळून तिच्याकडे बघत होते. चहाच्या सुट्टीत तीच माझ्याकडे आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वरच्यावर धरलं.

सविता आता शेलूबाजारकडच्या एका उपकेंद्रात होती. पोरगी दोन वर्षांची झाल्यावर तिने वाशीमला नर्सचा कोर्स केला होता. तेव्हा मुलीला आजीआजोबांनी सांभाळलं.

“बाबा?” मी विचारलं.

“तीन वर्षं झाले. गेले.” तिने कप ओठाला लावला आणि पुन्हा खाली घेतला. “पोरीले शाळेत टाकाले तेच गेले होते, मॅडम. हेडमास्तर म्हने, बापाचं नाव सांगा. बाबा म्हनले, रेघ हाय. हेडमास्तर म्हने, रेघ कशी लिवू? तं बाबानं खिशातून पेन्सिल काढली, कामाची कानावरची नाई, खिशातली, अन् म्हने, द्या इकडं, मी मारतो.”

आम्ही दोघीही हसलो. मग मी इतकी वर्षं कोणाला न विचारलेलं विचारलं. “सविता, माझा राग आला होता का गं तुला कधी?”

“आला ना.” तिने एक क्षणही घेतला नाही. “लय आला. माय हापशीवरून रडत येत जाये, तवा वाटे, त्या बाईचं काय गेलं, लिवलं अन् निंगून गेली. दोनचार वर्षं तं तुमचं नाव घरात कोनी काढे नाई.” मग म्हणाली, “पन कोर्सले असताना सुट्टीत घरी जाये ना, तं पोरगी फाट्यावर उभी राहे. आई आली, आई आली, म्हनून वरडे. तिथून राग गेला.”

मी चष्मा पुसला. तेवढ्यात तीच म्हणाली, “पोरगी बाहीरच हाय. मले न्याले आली. चला, भेटा.”

बाहेर कडुनिंबाखाली स्कूटी लावून एक उंच मुलगी उभी होती. अकोल्याला कॉलेजात शिकत होती, सुट्टीला आली होती. सविताने सांगितलं, या त्या मॅडम. मुलीने माझ्याकडे निरखून पाहिलं.

“तुमीच काय त्या? मले तुमाले कधीचं भेटाचं होतं. माह्या जन्माच्या दाखल्याचं बोलाचं हाय.”

आता ती रेघेबद्दल विचारणार. इतकी वर्षं मी त्याचं उत्तर मनात घोकून ठेवलं होतं, कायद्याच्या कलमासकट. तिने मोबाइल काढला, दाखल्याचा फोटो मोठा केला आणि माझ्यासमोर धरला.

“हे वाचा.”

मी वाचलं. “ऋतुजा.”

“माहं नाव ऋजुता हाय,” ती म्हणाली. “आईनं चिठ्ठीवर लिवून देल्लं होतं. ऋजुता. तुमी ज अन् त मागंपुढं केलं.”

मी सविताकडे पाहिलं. तिने मान हलवली. आणि मला तो दिवस आठवला. नोंद झाल्यावर तीनेक महिन्यांनी सविता बाळाचं नाव घालायला आली होती. तिची ती पहिलीच वेळ घराबाहेर पडायची. हातात चिठ्ठी. ऋजू म्हणजे सरळ, म्हणून ऋजुता, कॉलेजच्या पुस्तकात सापडलं, असं तिने मला सांगितलंही होतं. त्या दिवशी घरपट्टीच्या वसुलीची गर्दी होती. आदल्याच आठवड्यात मी दोन ऋतुजा लिहिल्या होत्या. हात सवयीने गेला. खरं नाव लिहा म्हणून ज्या बाईने एका घराला गावाशी वैर घ्यायला लावलं, तिने स्वतः त्या लेकराचं नाव चुकीचं लिहिलं होतं.

“शाळेत टाकाच्या वक्ताले ध्यानात आलं,” सविता म्हणाली. “तुमच्या जागी दुसरे आले होते, ते म्हनले प्रतिज्ञापत्र आना. बाबा म्हनले, जाऊ दे, पुन्यांदा त्या ऑफिसाची पायरी नाई चढत.”

“मी करून देते,” मी म्हटलं. “कारकुनी चूक आहे, समासात दुरुस्ती करता येते. मी स्वतः येते तुझ्याबरोबर. तिथल्या ग्रामसेवकाला सांगते, चूक माझी आहे म्हणून लिहून देते. उद्याच जाऊ.”

“अन् मंग दहावी, बारावी, आधार, बँक, कॉलेज?” मुलगी बोटं मोजायला लागली. “समदीकडं ऋतुजा हाय. एक कागद सुधारला की पाच बिघडतात. राहू द्या मॅडम. घरी ऋजुता, कागदावर ऋतुजा. माह्या मैत्रिनीईले गंमत वाटते.”

“गंमत कसली? चूक ती चूक. माझ्या हातची.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मला फारच लागलंय हे तिच्या ध्यानात आलं असावं. मोबाइल खिशात टाकून तिने माझा हात धरला.

“आईचं नाव तं बरोबर लिवलं ना तुमी?” ती म्हणाली. “मंग झालं.”

या लेखात मी सगळ्यांची नावं बदलली. सविताचं आणि तिच्या लेकीचं बदललं नाही. दोघींनीच सांगितलं, नका बदलू.

मुलीने स्कूटी सुरू केली. प्रशिक्षणाच्या कागदांची पिशवी मांडीवर घेऊन सविता मागे बसली, आणि दोघी मायलेकी शेलूबाजारच्या रस्त्याला लागल्या.